प्रगणक दारात आला की

अन्नपूर्णा रोड, सुदामा नगर, उषा नगर, वैशाली नगर, लोकमान्य नगर या भागांतल्या मराठी घरांना माझी एक विनंती आहे. येत्या जनगणनेसाठी कुणी दारात आलं, किंवा एखादी सर्वेक्षणवाली मुलगी कागद नाहीतर टॅब घेऊन फाटकाशी उभी राहिली, तर ‘आत्ता वेळ नाही’ म्हणून तिला परत पाठवू नका. सावलीत बसवा, पाणी द्या, ओळखपत्र बघा आणि मग विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या.

समाज कसा बदलतोय यावर आपण सगळेच रोज बोलतो. दर्शनाच्या रांगेत, दशहरा मैदानावर सकाळी फिरताना, पोह्यांच्या ठेल्यापाशी. मुलं मराठी बोलेनाशी झाली, जातपात आता कुठे राहिली आहे, बायका नोकरी करायला लागल्या म्हणून घरं मोडतात, इंदूरच्या लोकांना मुळातच शिस्त आहे. ही वाक्यं खरी असतील किंवा नसतीलही. पण बोलणाऱ्याने किती घरांत विचारलं, कुणाला विचारलं, आणि ज्यांना विचारलंच नाही त्यांचं काय, हे त्याला कुणी विचारत नाही. समाजशास्त्र, मानवशास्त्र, लोकसंख्याशास्त्र यांची सुरुवात याच प्रश्नांपासून होते. माणूस तोंडाने सांगतो ते आणि वागताना दिसतं ते, एवढाच या शास्त्रांचा कच्चा माल आहे. तो तुमच्या-माझ्या उंबरठ्यावरून जातो. तिथेच खोट मिसळली तर पुढचं गणित कितीही हुशार माणसाने केलं तरी उपयोग नाही.

आपल्या शहराचा या शास्त्रांशी जुना संबंध आहे. पॅट्रिक गेडेस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. झाडापानांच्या अभ्यासाकडून ते शहरांच्या अभ्यासाकडे वळले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते भारतात आले, आणि होळकर दरबारासाठी त्यांनी इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल लिहिला. तो १९१८ मध्ये छापला गेला. त्या काळी शहर सुधारायचं म्हणजे जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचा आणि मधे येतील ती घरं पाडायची, अशी रीत होती. गेडेस यांचा आग्रह होता की आधी पाहणी, मग आराखडा. नकाशा हातात घेऊन ते गल्लीबोळांतून पायी हिंडत. कुठली विहीर, कुठलं झाड, कुठलं देऊळ वाचवून हवा-उजेड आत आणता येईल, हे पाहत.

त्यांनी पुढे सांगितलेली एक आठवण मला फार मोलाची वाटते. शहरात तेव्हा प्लेगची दहशत होती. गेडेस गल्लीत दिसले की लोक मागे सरत, त्यांच्याकडे बोट दाखवून कुजबुजत. चौकशी केल्यावर कळलं, की ‘प्लेग आणणारा म्हातारा साहेब’ म्हणून लोक त्यांना घाबरत होते. नकाशेवाला साहेब आला की मागून घरं पाडणारे येतात, हा लोकांचा अनुभव होता, म्हणजे भीती काही वेडगळ नव्हती. तेव्हा गेडेस यांनी एका दिवसापुरतं महाराजांचं स्थान मागून घेतलं आणि जाहीर केलं, की या वेळी दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या मोहल्ल्याने घरं-गल्ल्या सर्वांत स्वच्छ केल्या असतील तिथून ती जाईल. लोक झडझडून कामाला लागले. मिरवणुकीत सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, सजवलेल्या गाड्यांसह मानाने चालले, आणि शेवटी घाणीच्या राक्षसाचा आणि प्लेगच्या उंदराचा पुतळा जाळला.

ही हकिकत गेडेस यांनी स्वतः सांगितलेली आहे, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. त्याच दिवसाबद्दल त्या मिरवणुकीतल्या झाडूवाल्याला विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं, हा प्रश्न चांगला समाजशास्त्रज्ञ लगेच विचारेल. एका बाजूचं ऐकून थांबायचं नाही, हा या शास्त्राचा पहिला धडा. आणि दुसरा धडा त्या कुजबुजीत आहे: पाहणी करणाऱ्यावर लोकांचा विश्वास नसेल तर त्याला दारं मिळतात, उत्तरं मिळत नाहीत.

इंदूरनंतर १९१९ मध्ये हेच गेडेस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राच्या नव्या विभागाचे प्राध्यापक झाले. तिथे त्यांना मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये भेटले, त्यांना त्यांनी पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याची वाट करून दिली. १९२४ पासून घुर्ये यांनी तो विभाग सांभाळला, आणि घुर्ये यांच्या हाताखाली इरावती कर्वे शिकल्या. ‘युगान्त’मुळे त्या आपल्या घराघरांत माहीत आहेत, पण त्यांचं खरं काम मोजमापाचं आणि पायपिटीचं. बर्लिनमध्ये पीएच.डी. करताना त्यांच्या मार्गदर्शकाची धारणा होती, की युरोपीय माणसाची कवटी इतरांपेक्षा वेगळी असते आणि त्यात त्याच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व दिसतं. कर्व्यांनी कवट्या मोजल्या. वंशाप्रमाणे तसा फरक त्यांना सापडला नाही, आणि त्यांनी तसं लिहून दिलं. पंचविशीतली एक हिंदुस्थानी मुलगी आपल्या प्रख्यात गुरूंना आकड्यांनी ‘नाही’ म्हणते, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगायला हवी.

पुढे त्यांनी नात्यांचे शब्द आणि लग्नाच्या रीती देशभरातून गोळा केल्या. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९५३ चा. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते उलट पसंत, आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात. आपल्याकडे अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, आत्याच्या मुलीशी सहसा नाही. हे पुस्तकातलं ज्ञान अन्नपूर्णेच्या वस्तीत रोज जिवंत आहे. तुमच्या शेजारच्या मालवी कुटुंबाला सांगून बघा, की अमक्याने मामाची मुलगी केली आहे. त्यांच्या लेखी ती बहीण. त्यांचा चेहरा बघितल्यावर कळतं, की आपण ज्याला स्वाभाविक म्हणतो ते आपल्या पट्ट्यापुरतं स्वाभाविक आहे. दोन रीतींच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला समाज समजून घेण्याची ही सोय फुकट मिळालेली असते. ती वापरावी.

आता आजच्या इंदूरकडे येऊ. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपण पंचविसावे होतो, २०१७ मध्ये पहिले आलो आणि पुढेही पहिलेच राहिलो. का? ‘इंदूरचे लोकच तसे’ हे उत्तर ऐकायला छान आहे, पण २०१६ मध्येही लोक हेच होते. मग काय बदललं? कोपऱ्यावरच्या कचरापेट्या गेल्या, नगर निगमची गाडी गाणं वाजवत दाराशी येऊ लागली, ओला-सुका वेगळा दिल्याशिवाय घेईनात, दंड लागला, शाळेतली मुलं घरच्यांना टोकू लागली, पहिला नंबर आला आणि त्याचा अभिमान वाटायला लागला. हे सगळं जवळपास एकाच वेळी झालं. यातल्या कशामुळे किती फरक पडला हे सांगायचं तर जिथे गाडी आधी सुरू झाली ते वॉर्ड आणि जिथे नंतर सुरू झाली ते वॉर्ड यांची तुलना करावी लागेल. ८५ वॉर्डांच्या शहरात ती करता येण्याजोगी आहे. शेजाऱ्याने दंडाच्या भीतीने कचरा वेगळा केला की लाजेने, हे मात्र त्यालाच विचारावं लागेल. आणि सकाळी अंधारात रस्ता झाडणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय तर या यशाची गोष्ट अर्धीच. ती झाडते म्हणून आपण शिस्तीचे ठरतो, हाही एक तपासण्यासारखा मुद्दा आहे.

कचऱ्यावरून आठवलं. अमेरिकेत अॅरिझोना विद्यापीठातल्या विल्यम रॅथजी यांनी १९७३ पासून टूसॉन शहरातल्या घरांचा कचरा उघडून मोजायला सुरुवात केली. लोकांना विचारलं, आठवड्याला बिअर किती घेता, तर उत्तरं माफक आली. कचऱ्यातल्या डब्या-बाटल्या मात्र जास्त निघाल्या. सगळेच काही ठरवून खोटं बोलत नव्हते. आपण स्वतःला आहोत त्यापेक्षा थोडे बरे समजतो आणि उत्तरही तसंच देतो.

यातली सर्वांत बोचरी गोष्ट आपल्याच दाराशी आहे. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी २०११-१२ मध्ये देशातल्या ४२ हजारांवर घरांची पाहणी केली. त्यात अस्पृश्यतेबद्दल दोन पायऱ्यांनी विचारलं. आधी: तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? जे ‘नाही’ म्हणाले त्यांना पुढे: अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तिने तुमची भांडी वापरली तर चालेल का? पहिला प्रश्न मताचा आहे, दुसरा स्वयंपाकघराचा. पहिल्याला ‘आम्ही नाही हो मानत’ म्हणणारी कितीतरी माणसं दुसऱ्याशी अडखळली. देशभरात सुमारे २७ टक्के घरांच्या एका तरी उत्तरातून अस्पृश्यता दिसली. मध्य प्रदेशात हे प्रमाण ५३ टक्के, देशात सर्वांत जास्त. महाराष्ट्रात ४ टक्के.

हे आकडे वाचून इंदूरच्या मराठी माणसाच्या मनात पहिला विचार येईल तो असा, की आपण त्या चार टक्क्यांच्या प्रांतातले. थांबा. ज्या प्रांतात फुले-आंबेडकरांची चळवळ घराघराशी पोचली तिथे वागणूक खरोखर बदलली असेल. पण तिथे ‘हे बोलायचं नसतं’ एवढं तरी प्रत्येक जण नक्की शिकला असेल. यातला किती भाग बदललेल्या मनाचा आणि किती भाग शिकलेल्या जिभेचा, हे त्या एका आकड्यातून निघत नाही. त्यासाठी लग्नं कुणाशी होतात, भाड्याने घर कुणाला मिळतं, पंगतीला कोण कुठे बसतं हे पाहावं लागतं. याच पाहणीत आंतरजातीय लग्नं शंभरात पाचच्या आसपास निघाली. दुसरं असं, की आपण पन्नास, शंभर, दीडशे वर्षं माळव्यात आहोत. आपल्या ओट्यावर कामवाल्या ताईंचा चहाचा कप वेगळा ठेवलेला आहे का, हे आपल्यालाच ठाऊक असतं. प्रश्न विचारायला कुणी आलं तर त्या कपासकट उत्तर द्या. अशी उत्तरं आली नाहीत तर हा रोग संपल्याचं कागदावर ठरेल, आणि ज्यांच्या वाट्याला तो येतो त्यांचं म्हणणं कुणाला पटणार नाही.

एवढ्या मोठ्या देशात ४२ हजार घरांवरून काय कळणार, असंही लोक विचारतात. शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच, फक्त भात आधी वरखाली केलेला असावा लागतो. संध्याकाळी अन्नपूर्णा मंदिराच्या आवारात शंभर जणांना गाठून विचारलं तर संध्याकाळी मंदिरात येणाऱ्यांचं मत कळेल, अन्नपूर्णेचं कळणार नाही. दुकानावर बसलेला, कारखान्यातून रात्री परतणारा, चार घरची कामं करणारी, अंथरुणाला खिळलेला, हे त्यात नाहीत. म्हणूनच पाहणीवाले चिठ्ठी काढल्यासारखी घरं निवडतात, आणि निवडलेल्या घराने दार लावलं तर शेजारचं घर सहज घेऊन टाकत नाहीत. तुमचं घर निवडलं गेलं असेल तर तुम्ही तुमच्यासारख्या हजारो घरांच्या वतीने बोलत आहात.

बदल मोजायचा तर जुनी नोंद हाताशी हवी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुनी दप्तरं तपासून त्यांनी दाखवलं, की १७७१ मध्ये तिथे सरासरी जमीनधारणा ४० एकरांची होती, ती १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आली. आज तिथे उंच इमारती आहेत. गरिबी आळसामुळे येते असं म्हणणाऱ्यांना त्या एका गावाच्या तुकड्या-तुकड्यांनी उत्तर दिलं, कारण कुणीतरी बसून नोंद केली होती.

आता घरातल्या बायकांविषयी. दार बहुधा आजोबा किंवा काका उघडतात आणि सगळ्या घराच्या वतीने उत्तरं देतात. ‘सूनबाई काय करतात?’ ‘काही नाही, घरीच असते.’ ही सूनबाई सकाळी विद्यार्थ्यांचे डबे करते, दुपारी साड्यांना फॉल-पिको करते, संध्याकाळी तिच्याकडे शिकवणीची मुलं येतात, आणि कागदावर ती काम न करणारी ठरते. जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा जास्त कमाईचं काम केलं तर ‘मुख्य कामकरी’, त्याहून कमी केलं तर ‘सीमांतिक’, असा फरक करतात. डबे आणि शिलाई यांत बसतात. ते सांगितलंच पाहिजे.

घरकामाचं मोजमाप वेगळ्या पाहणीत होतं. वेळेच्या वापराची पहिली प्रायोगिक पाहणी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाली, त्यांत आपला मध्य प्रदेश होता. देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये झाली. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाने काय केलं ते विचारायचं, अशी पद्धत. त्या वर्षी आदल्या दिवशी बिनमोबदल्याचं घरकाम केलेले पुरुष चारांत एक निघाले, बायका पाचांत चार. ज्यांनी केलं त्यांतही बायकांची सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पुरुषांची नऊ मिनिटंही कमीच झाली. ‘हल्ली मुलं घरात किती मदत करतात’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे चार आकडे डोळ्यांखालून घालावेत. ती मिनिटं आजोबांना सांगता येणार नाहीत. काकू, तुम्ही स्वतः पुढे या. वहिनी, गॅस बंद करा आणि दहा मिनिटं बाहेर येऊन बसा. तुमच्या दिवसाचा हिशेब तुमच्याच तोंडून गेला पाहिजे.

२०२१ ची लांबलेली जनगणना आता १ मार्च २०२७ हा संदर्भ-दिनांक धरून होत आहे. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. उत्तरं देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच वेळी १९४८ च्या जनगणना कायद्याने दिलेलं संरक्षणही जाणून घ्या: तुमची नोंद कुणाला पाहायला मिळत नाही, आणि याच कायद्याखालचे खटले सोडले तर ती न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. कर वाढेल, वरचा मजला धरला जाईल, या भीतीने माणसं लपवू नका. बँकेचा खाते क्रमांक किंवा ओटीपी जनगणनेत कुणी मागत नाही. मागितला तर तो माणूस प्रगणक नव्हे. याच कायद्यात एक जुनं कलम आहे, की रीतीप्रमाणे नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईवर ते सांगण्याची सक्ती नाही. कायदा करणाऱ्यांनी १९४८ मध्ये लोक कसे वागतात हे पाहून कलम लिहिलं होतं, याचं मला कौतुक वाटतं.

१९३१ नंतर प्रथमच या वेळी सगळ्यांची जात नोंदली जाणार आहे. १९३१ मध्ये देशात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांनी सांगितलेली नावं ४६ लाखांवर गेली. कुणी आडनाव सांगितलं, कुणी गोत्र, कुणी पोटजात, कुणाचा उच्चार वेगळा लिहिला गेला. त्यातून काही निष्पन्न करणं कठीण झालं. तेव्हा आपल्या जातीचं नोंदीतलं नाव दाखल्यावर बघून ठेवा आणि तेच सांगा.

शेवटी भाषा. २०११ मध्ये मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख होते. इंदूरखेरीज बऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, बालाघाटकडचे धरून. आजवरच्या जनगणनेत मातृभाषेचा अर्थ असा ठरलेला आहे: लहानपणी आई त्या व्यक्तीशी ज्या भाषेत बोलली ती. आई लवकर गेली असेल तर बालपणी घरात मुख्यतः बोलली जाणारी. हा प्रश्न प्रत्येक माणसासाठी वेगळा असतो. आपल्याकडे काय होतं, घरचा कर्ता एकदाच ‘मराठी’ सांगतो आणि खाली सगळ्यांच्या ओळीत मराठी पडते. सून भोपाळच्या हिंदी घरातली असेल तर तिच्या ओळीत हिंदी यायला हवी. नातीची आई तिच्याशी हिंदीत बोलत असेल तर नातीच्या ओळीतही हिंदीच येऊ द्या.

हे लिहिताना माझंही मन दुखतं. पण फुगवलेल्या आकड्यावर मराठीचा वर्ग मागितला तर बाकं रिकामी राहतील आणि वर्ग बंद होईल. कुठल्या वस्तीत, कितव्या पिढीत, कुठल्या वयात मराठी थांबते हे खरं कळलं तर कामाला कुठून लागायचं हेही कळेल. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याचं सांगितलं आहे, आणि ती मागायची तर मुलं कुठे, किती आहेत हे सांगता आलं पाहिजे. मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषाही नोंदवता येतात. नातीला मराठी बोलता येत असेल तर ती तिथे आवर्जून लिहून घ्या. पुष्कळ घरांत ही जागा घाईत रिकामीच राहते. फेब्रुवारीच्या आधी एका रविवारी घरातल्या प्रत्येकाला एकेक करून विचारा आणि उत्तरं वहीत लिहून ठेवा, म्हणजे प्रगणक आला तेव्हा घरात एकटे आजोबाच असले तरी अडणार नाही.